सोळावर एक सेकंद

आवक-जावकवाल्या बाई पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसल्या, की एका फोटोला वीस मिनिटं जात. कॅमेऱ्याला हवा असे सेकंदाचा फक्त साठावा हिस्सा. पण तेवढा वेळ तोंड मिटून बसणं बाईंच्या जिवावर येई.

"हनुवटी जरा खाली घ्या," कॅमेऱ्यामागून ताई म्हणाली.

"खालीच आहे गं. एकोणीस वर्षं खालीच आहे. आमच्या ऑफिसात मान वर करायची सोय आहे का? पण आता महिनाच राहिला बघ. साहेब रिटायर होतायत. एकतीस तारखेला, बारा वाजता. बारा म्हणजे बारा. बारा वाजून एक मिनिटाला खुर्चीत सापडले, तर स्वतःच स्वतःला मेमो देतील."

ताईचं बोट बटणावर होतं, ते तिथेच राहिलं.

"कोण? अर्धाग्रॅम?"

"हळू बोल की!" बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या आणि त्यांनी मागच्या पडद्याकडे बघून घेतलं. साहेब तिथे तराजू घेऊन उभे असते तरी त्यांना नवल वाटलं नसतं.

अर्धाग्रॅम म्हणजे वजनमापे कार्यालयाचे मुख्य निरीक्षक. दुकानदारांची वजनं, मापं, पट्ट्या तपासायच्या आणि बरोबर निघाल्या तर शिक्का मारायचा, हे त्या ऑफिसचं काम. साहेबांनी एकदा एका भाजीवाल्याचं पाच किलोचं वजन अर्धा ग्रॅम कमी भरलं म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून ते गावभर अर्धाग्रॅम झाले. त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. कोणी सहज म्हणालं, "साहेब, दहाएक मिनिटांत आलोच," की साहेबांची तर्जनी वर जायची, मान कोंबड्यासारखी झटक्यात वळायची आणि आवाज यायचा, "दुरुस्ती! दहा, की अकरा?"

ते बोट वर गेलं की अख्खं ऑफिस आहे तसं थिजायचं. कप ओठाशी तर ओठाशी, फाइल हवेत तर हवेत. जो हलला तो पुढची दुरुस्ती, हे सगळ्यांना अनुभवाने पाठ होतं.

"आणि ग्रुप फोटो काढायचाय," बाई सांगत होत्या. "भिंतीवर लावायला. मी साहेबांना म्हटलं, आमच्या ताईकडे जा. चुकलं का माझं?"

"नाही," ताई म्हणाली. "अगदी बरोबर केलंत." आणि तिने बटण दाबलं. त्या फोटोत बाईंचं तोंड उघडंच आलं, पण त्या दिवशी ताईला त्याचं काही वाटलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी ताई एकोणीस वर्षांची होती, अर्धाग्रॅम नुसते उपनिरीक्षक होते आणि स्टुडिओ बाबांचा होता. बाबांनी तिला कॅमेरा शिकवला तो सुईत दोरा ओवताना.

"डोळे बारीक केले की काय होतं?"

"नीट दिसतं."

"आणि?"

"जरा अंधारतं."

"झालं, शिकलीस. लेन्सचं भोक बारीक केलंस की पुढचा माणूस, मागचा माणूस, भिंत, सगळं रेखीव येतं. पण उजेड थोडा आत येतो. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. भोक मोठं केलंस तर शटर पटकन मिटलं तरी चालतं, पण एकच माणूस नीट येतो आणि बाकीचे धुक्यात जातात. आता आकडे बघ. दोन पॉइंट आठ म्हणजे मोठं भोक, सोळा म्हणजे बारीक."

"उलटंच आहे की!"

"ज्याने केलं त्याला विचार. आपण फोटो काढायचा."

तेव्हाचे मुख्य निरीक्षक रिटायर होत होते, म्हणून बाबांना ऑफिसात बोलावलं होतं. माणसं चोवीस, रांगा तीन, उजेड फक्त उंच खिडक्यांचा. तिन्ही रांगा स्पष्ट यायच्या तर भोक सोळावर न्यायला हवं, आणि सोळावर त्या खोलीत पुरा एक सेकंद लागणार. एवढा वेळ कॅमेरा हातात धरून चालत नाही. बाबांनी तो जड लाकडी स्टँडवर घट्ट बसवला आणि लांब केबलने शटर उघडलं. कॅमेऱ्याला त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता.

"हलू नका."

शटर उघडलं आणि नेमके रिटायर होणारे साहेब भारावून पुटपुटले, "अठरा वर्षं झाली या खुर्चीत."

"दुरुस्ती!" शेजारचे उपनिरीक्षक गर्रकन वळले. "साडेसतरा."

शटर मिटलं.

फोटो तयार होऊन आला तेव्हा तेवीस माणसांच्या शर्टाची बटणं मोजता येत होती आणि चोविसाव्याच्या मानेवर पुसलेल्या पाटीसारखं काहीतरी होतं. उपनिरीक्षकांनी तो हातभर लांब धरला, सगळ्या ऑफिसला दाखवला आणि म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात थरथरतो. थरथरत्या हाताने माप घेऊ नये, तसा फोटोही घेऊ नये." बाबा तेव्हा अठ्ठावन्नचे होते. ऑफिस हसलं. हसायलाच हवं होतं, पुढची दुरुस्ती कोणाला हवी होती!

त्या ऑफिसची एक रीत होती. खुर्ची असो, घड्याळ असो, भिंतीवरचं कॅलेंडर असो, तपासणी चिठ्ठी चिकटल्याशिवाय काही तिथे टेकवत नसत. चिठ्ठीवर तीन रकाने असत: दोष, कारण, निकाल. खाली सही. उपनिरीक्षकांनी उभ्या उभ्या लाल शाईत चिठ्ठी लिहिली, फोटोच्या पाठीवर चिकटवली आणि फोटो बाबांच्या हातात परत दिला. दोष: उपनिरीक्षक अस्पष्ट. कारण: फोटोग्राफरचा हात थरथरला. निकाल: नापास.

ताईने बोलायला तोंड उघडलं. बाबांनी तिचं मनगट धरलं. असं घट्ट धरलं की तिला बोटं हलवता येईनात, आणि तो हात तसूभरही थरथरत नव्हता.

"गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो," रस्त्यात बाबा म्हणाले.

वाद घातला नाही, पण नाव पडलं. थरथरे फोटोवाले. आधी ऑफिसात, मग गल्लीत, मग बाजारात. "कुठून काढला फोटो? थरथऱ्यांकडून? मग नाक जाग्यावर आहे ना बघ!" ताई पाव आणायला गेली तरी काउंटरपलीकडचा मुद्दाम हात हलवत सुटे द्यायचा. पण खरा घाव पुढेच होता. बाबा स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. फोकस करताना बघायचे, पेपर उलटताना बघायचे, जेवताना घास अर्ध्यावर थांबवून बघायचे. सहा महिन्यांत तो हात खरोखर थरथरायला लागला. एके सकाळी त्यांनी कॅमेरा ताईच्या पुढ्यात ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. ते अजून तिथेच होते, ऐंशीचे होऊन. दिवसातून चार वेळा त्यांची कपबशी वाजायची, किणकिण किणकिण, आणि चारही वेळा डार्करूममध्ये ताईचे दात एकमेकांवर घासले जायचे.

तो फोटो तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपला होता, पाठीवरच्या चिठ्ठीसकट. माफी तिला नको होती. माफी काय, तोंडाने मागतात आणि दुपारी विसरतात. तिला ती चिठ्ठी दुरुस्त करून हवी होती. त्याच हाताने, त्याच लाल शाईने.

बाई फोटो काढून गेल्या, त्याच्या आठव्या दिवशी अर्धाग्रॅम स्वतः स्टुडिओत आले. आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी दारावरची वेळेची पाटी वाचली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि चाळीस सेकंद बाहेर उभे राहिले. बरोबर दहाला आत.

"बारा बाय पंधरा इंच. काळा-पांढरा. फिल्मवर," ते म्हणाले. "भिंतीवर अकरा मुख्य निरीक्षक आहेत आणि अकराही फिल्मवर आहेत. बारावा वेगळ्या मापाने मोजला जाणार नाही. फिल्मवर आता तुमच्याशिवाय कोणी काढत नाही, म्हणून आलो."

"बरं झालं आलात."

साहेबांनी भिंतीवरचे नमुने बघितले. मग जरा घसा साफ केला. ताईला वाटलं, आता आठवण काढतात की काय.

"वडील आहेत?"

"आहेत. आत."

"हात कसा आहे?"

"थरथरतो."

"मी तेव्हाच म्हणालो होतो," साहेब म्हणाले. हवामानाचा अंदाज खरा ठरावा तसे खूश होऊन म्हणाले. "तुमचा?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने मुकाट्याने उजवा हात काउंटरवर अधांतरी सरळ धरला. आणि साहेबांनी तो खरंच तपासला! घड्याळ लावून, पाच सेकंद, डोळा न मिटता.

"चालेल," ते म्हणाले.

आत कपबशी वाजली. किणकिण किणकिण.

"फोटोच्या वेळी कोणी हलायचं नाही," ताई गोड आवाजात म्हणाली. "एक सेकंद लागेल."

"मी हलत नसतो," साहेब म्हणाले आणि दहा वाजून सात मिनिटांनी गेले.

अठ्ठावीस तारखेला ताई स्टँड खांद्यावर टाकून ऑफिसात गेली. खोली तीच. उंच खिडक्या त्याच. मधल्या टेबलावर पितळी वजनं उतरत्या क्रमाने मांडलेली, आणि मागच्या भिंतीवर तेच गोल घड्याळ, ज्याचा सेकंदकाटा दर सेकंदाला टक् करून उडी मारायचा. घड्याळाच्या कडेलाही लाल सहीची चिठ्ठी होतीच. तिने उजेड मोजला. भोक अकरावर ठेवलं तर अर्ध्या सेकंदात काम झालं असतं. मागच्या रांगेच्या मिशा जरा मऊ आल्या असत्या, इतकंच. पण तिने लेन्सचं कडं फिरवून सोळावर आणलं आणि शटरची चकती एकावर ठेवली. तीच खोली, तेच भोक, तोच वेळ. बाबांनी ठेवला होता तसा.

"फ्लॅश मारा की," मागून कोणीतरी सुचवलं.

"फ्लॅश मारला तर पुढची रांग पांढरीफटक येईल आणि तुम्ही अंधारात."

"मग बरंच आहे," तो म्हणाला आणि दोघंतिघं फिसकन हसले. साहेबांनी मान वळवली. सगळ्यांचे डोळे परत कॅमेऱ्यावर.

आता डाव मांडला तर होता. पण साहेब हलतील तर ना! पहिल्या फोटोला ते खांबासारखे बसले. पापणीसुद्धा लवली नाही. ताईने फिल्म पुढे सरकवली. दुसऱ्याला ती मुद्दाम म्हणाली, "टाय जरा वाकडा वाटतोय," आणि लगेच केबल दाबली. साहेब ढिम्म. टाय वाकडा नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो निघण्याआधी पट्टीने मोजला होता.

"चार दिवस आरशासमोर बसतायत," पहिल्या रांगेतून बाई ओठ न हलवता कुजबुजल्या. "स्टॉपवॉच लावून. वहिनी सांगत होत्या."

दोन फोटो उत्तम येणार होते. तेवीस माणसं स्पष्ट आणि चोविसावे साहेबही स्पष्ट. म्हणजे हे भिंतीवर लागणार, साहेब घरी जाणार आणि डब्यातली चिठ्ठी डब्यातच पिवळी पडत राहणार. भोक बारीक करून, वेळ लांबवून तिने दार तर उघडं ठेवलं होतं. पण त्या दारातून साहेबांना आपल्या पायांनी बाहेर यायला लावायला हवं होतं. आणि मग तिला आठवलं की बावीस वर्षांपूर्वी ते टायला भुलून वळलेच नव्हते. ते आकड्याला वळले होते.

"शेवटचा," ती मोठ्याने म्हणाली. "कोणीही हलायचं नाही, आधीच सांगते. अगदी कोणीही नाही." केबल अंगठ्याखाली घेऊन ती कॅमेऱ्याच्या बाजूला सरकली आणि सहज गप्पा माराव्यात तशी बोलायला लागली. "याच खोलीत असाच ग्रुप फोटो काढला होता हो माझ्या बाबांनी. बावीस वर्षं झाली. चांगलं आठवतंय मला, दुपारचे साडेतीन वाजले होते—"

तिने अंगठा दाबला.

"दुरुस्ती!" बोट वर, मान डावीकडे, नाक ताईच्या दिशेला. "चार वाजून दहा मिनिटं!"

आणि तेवीस माणसं थिजली. एकोणीस वर्षांच्या, बारा वर्षांच्या, आठ महिन्यांच्या सवयीने थिजली. कोणी श्वासही घेतला नाही. घड्याळाचा काटा टक् करून पुढे गेला. शटर मिटलं.

"बरोबर," ताई म्हणाली. "चार दहा. तुमच्या बरं लक्षात आहे, साहेब."

साहेबांचं बोट हळूहळू खाली आलं. "आधीचे दोन चांगले असतील," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी 'असतील' आलं. बाईंनी ते कानात टिपून ठेवलं.

डार्करूमच्या लाल उजेडात ट्रेमधला कागद पांढराच होता. मग खिडक्या उमटल्या, मग टेबलावरची वजनं, मग चेहरे एकेक करून वर आले, जणू कोणी हजेरी घेत होतं. मधल्या खुर्चीत आधी कोट आला, मग टायची गाठ, नीटनेटकी. आणि गाठीच्या वर! दोन नाकं, दीड कान, तीन बोटांचा पंखा, आणि तोंड असं की एकाच वेळी 'दु' पण म्हणतंय आणि 'दहा' पण. ताई ट्रेवर वाकून एवढी हसली की चिमट्यातला कागद परत पाण्यात पडला. मग तिने अंधारात साहेबांचा आवाज काढला, मान वळवून, बोट वर करून: "दुरुस्ती! नाकं दोन!" अगदी तोच खरखरीत आवाज. मागच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही बाबा."

एकतीस तारखेला अकरा पस्तीसला ऑफिसात सगळे उभे होते. साहेबांच्या गळ्यात हार, त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, कडेच्या खुर्चीत. ताईने टेबलावर चौकट ठेवली आणि वरचा कागद काढला.

मागच्या रांगेत कोणीतरी नाकातून हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

साहेबांनी बघितलं. मग ताईकडे बघितलं. तिला वाटलं होतं, निदान आज तरी एक क्षण ते अडखळतील. छे!

"हात थरथरला," साहेब म्हणाले. "घराण्यातच आहे. बाई, चिठ्ठी घ्या. लिहा. दोष: मुख्य निरीक्षक अस्पष्ट. कारण: फोटोग्राफरचा हात थरथरला. निकाल: नापास."

बाईंनी ताईकडे बघत बघत लिहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी लाल पेनचं टोपण काढलं.

"तपासून सही करता ना, साहेब?" ताईने विचारलं. "की निरोपाच्या दिवशी सूट असते?"

पेन थांबलं. "या खात्यात मी न तपासता एकही सही केलेली नाही."

"एकही?"

"एकही."

"मग तपासा की."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. एकदा भिंग डोळ्याला लागलं की साहेबांना जगाचं भान राहत नसे. ते चौकटीवर वाकले आणि बाजारात तपासणीला गेल्यावर पुटपुटायचे तसे पुटपुटायला लागले.

"पहिली रांग. बूट. लेस वेगळी दिसते. पास. बाईंच्या चष्म्याची साखळी. कड्या मोजता येतात. पास. पितळी वजन, वरची अक्षरं वाचता येतात. पास. दुसरी रांग, शर्टाच्या रेघा. पास. तिसरी रांग, मिशा. पास. भिंत. घड्याळ. अकरा वाजून वीस. आकडे स्वच्छ. मिनिटकाटा टोकदार. सेकंदकाटा..." ते जास्त वाकले. "सेकंदकाटे दोन."

"अगंबाई, दोन कसे?" बाईंना राहवलं नाही.

"साधी गोष्ट आहे," साहेब भिंगातून वर न बघता समजावून सांगायला लागले. "शटर एक सेकंद उघडं होतं. काटा सेकंदाला एकदा उडी मारतो. आधी इथे होता, मग तिथे गेला. दोन्ही जागी उमटला."

"आणि कॅमेरा हलला असता तर?" ताईने विचारलं.

"तर मिनिटकाटाही फाटला असता. आकडेही. सगळंच..."

साहेब थांबले. भिंग घड्याळावरच होतं. भिंतीवरचं खरं घड्याळ टक् टक् करत होतं.

ताईने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, डब्यातून जुना फोटो काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. आधी पाठ वर करून. पिवळी पडलेली चिठ्ठी, लाल शाई, आणि सही. त्या सहीचा शेवटचा फटकारा तिथल्या प्रत्येक खुर्चीखाली होता. ओळखायला कोणाला वेळ लागला नाही.

"ही उभ्या उभ्या लिहिली होतीत," ती म्हणाली. "भिंग काढलं नव्हतंत." मग तिने फोटो सुलटा केला. "हाही तपासा."

साहेबांना नाही म्हणता आलं असतं. वहिनी तर उठून "अहो, जाऊ द्या ना आता" म्हणाल्याही. पण समोर न तपासलेली वस्तू होती आणि हातात भिंग होतं. ते वाकले. या वेळी पुटपुटले नाहीत. रांगा बघितल्या, बटणं बघितली, घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. मिनिटकाटा टोकदार. सेकंदकाटे दोन.

ते सरळ झाले तेव्हा भिंतीवर अकरा बावन्न झाले होते.

"बारा वाजता सहीचा अधिकार जातो ना, साहेब?" ताई म्हणाली. तिचा आवाज मघासारखा गोड राहिला नव्हता. "आठ मिनिटं आहेत. माझ्या बाबांनी बावीस वर्षं काढली."

साहेबांनी ऑफिसकडे बघितलं. कोणी हललं नाही. बोट वर नव्हतं, तरी कोणी हललं नाही. ते खुर्चीत बसले, गळ्यातला हार मागे सारला, जुना फोटो पालथा करून चिठ्ठी पुढे घेतली आणि 'फोटोग्राफरचा हात थरथरला' यावर पट्टी ठेवून सरळ लाल रेघ मारली. वर लिहिलं: 'उपनिरीक्षक हलला. कॅमेरा स्थिर.' मग 'नापास' खोडलं. 'पास' लिहिताना पेन जरा अडलं. सही. तारीख. वेळ: अकरा सत्तावन्न. मग ओठ घट्ट मिटून त्यांनी नव्या चिठ्ठीवरही तेच केलं. फक्त उपनिरीक्षकाच्या जागी मुख्य निरीक्षक आला.

"मोठ्याने वाचा," ताई म्हणाली.

"अगं, राहू दे की," वहिनी म्हणाल्या.

"तेव्हा मोठ्याने म्हणाले होते."

साहेबांनी वाचलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं, कारण अर्धवट ऐकू येईल असं वाचणं त्यांना जमत नव्हतं. बाईंनी तोंडावर पदर धरला. आतून त्यांचं तोंड चालू होतं हे डोळ्यांवरून कळत होतं. आज रात्रीपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दारात हे वाक्य पोचणार होतं, चालीसकट.

तेव्हा कुठे ताईने पिशवीतून मोठं पाकीट काढलं. "आधीचे दोन चांगले आलेत. त्यातला एक आणलाय. बारा बाय पंधरा."

साहेबांनी फोटो झटकन बाहेर काढला. तेवीस माणसं रेखीव, आणि मधोमध ते स्वतः. एकच नाक, दोन कान, मिटलेलं तोंड. हुबेहूब मुख्य निरीक्षक. त्यांचा चेहरा उजळला. "हा लावायचा. बाई, चिठ्ठी! दोष: नाही. निकाल..." त्यांनी पेन उचललं.

"साहेब," बाई हळूच म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "बारा वाजून एक."

पेन हवेत राहिलं.

"बिनसहीचं भिंतीवर लागत नाही," ताई म्हणाली. "पास झालेला हाच आहे. तुमच्याच सहीने." आणि तिने दोन नाकांची चौकट बाईंच्या हातात दिली. बाराव्या खिळ्यावर ती लगेच लागली. मागच्या रांगेतल्या मिशीवाल्याने लांबून बघून सांगितलं, "पण खरं सांगू? अगदी साहेबच वाटतात हो. बोलतायतच जणू." आता मात्र कोणी खोकल्याचं नाटक केलं नाही.

साहेबांनी चांगला फोटो पाकिटात घातला, पाकीट वहिनींकडे दिलं आणि जाताना दारात थांबून एकदा मागे बघितलं. चौकट डावीकडे किंचित कलली होती. त्यांचं बोट उठलं. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी ते खाली घेतलं आणि गेले. ताईने ती चौकट सरळ केली नाही.

दुपारी बाबांचा चहा झाला नव्हता. तिने कपबशी त्यांच्या हातात दिली आणि जुना फोटो पाठ वर करून मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा लावला. लाल रेघ बघितली, वरची ओळ वाचली, वेळ वाचली.

"शाई लाल आहे," ते म्हणाले. "उन्हात टांगू नकोस, उडेल."

"शोकेसमध्ये लावणार आहे. पाठ बाहेर करून. रस्त्याकडे."

"हं." मग त्यांनी नव्या फोटोची तिने जपलेली दुसरी प्रत उजेडात धरली. दोन नाकं, तीन बोटं. ते डोळे बारीक करून मागची रांग, खिडक्या, घड्याळ बघत राहिले, गिऱ्हाइकाचं काम तपासायचे तसे.

"सोळावर घेतलास?"

"हो."

"एवढ्या उजेडात अकरावर अर्धा सेकंद चालला असता की. मिशा जरा मऊ आल्या असत्या, बस."

"चालला असता," ताई म्हणाली.

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. ती दुसरीकडे बघायला लागली. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग हसू एकदम बाहेर फुटलं आणि हातातली कपबशी अशी काही वाजली की अर्धा चहा बशीत, उरलेला ताईच्या साडीवर.

"अहो बाबा, हळू!"

"दुरुस्ती," बाबा डोळे पुसत म्हणाले, आणि बोट वर करायला गेले तर ते थरथरत होतं. त्यांनी ते तसंच वर ठेवलं.